गोदीआत्याचा बांध

आमच्या घरात सकाळ व्हायची ती गोदीआत्याच्या चिखलाच्या पावलांनी. आईने ओटी नुकतीच सारवलेली असायची, शेणाचा तो ओला, थंड वास दारात घुटमळत असायचा, आणि तेवढ्यात आत्या बांधावरची फेरी संपवून थेट त्या सारवणावरून आत यायची. आई रोज म्हणायची, “वन्सं, पाय तरी धुवायचे होते,” आणि आत्या रोज म्हणायची, “धुतले गो, पण वाटेत पुन्हा माखले.” मग चुलीपुढे बसून ती पितळीतला कोरा चहा फुंकत फुंकत प्यायची आणि बांधाची खबर सांगायची. जणू शेजारच्या घरातलं कोणी आजारी असावं आणि ही त्याला बघून आली असावी. पूर्वेच्या टोकाला उंदरांनी माती उकरली आहे, पाणी सोडायच्या मोरीजवळ खेकड्याचं बीळ दिसलं, ते मी बुजवलं, मधल्या उतारावर निरगुडी पुन्हा उगवली, ती उपटायची आहे. माझे वडील, त्यांना आम्ही तात्या म्हणत असू, तोवर बैलगाडीत भेंडी, पडवळ आणि जुईच्या कळ्यांच्या करंड्या भरून दादरच्या बाजाराकडे निघालेले असत. त्यांना वाडी प्यारी आणि आत्याला बांध. बहीणभावांनी घरदार असं वाटून घेतलं होतं आणि त्यावरून कधी तंटा झालेला मला आठवत नाही.

आमचं घर टेकडीच्या पायथ्याशी होतं. टेकडीच्या दोन सोंडांच्या मध्ये कोणा पूर्वजांनी मातीचा बांध घालून पावसाचं पाणी अडवलं होतं. बाहेरचा माणूस त्याला धरण म्हणाला असता तर आम्हालाच हसू आलं असतं, एवढासा तो. पण त्याच्यामागे जे तळं साठायचं, त्याच्या जिवावर आमची वाडी, वाडीखालची भातखाचरं आणि त्याखालची खालची आळी जगत होती. तळं भरलेलं असलं की खालच्या विहिरी गोड राहायच्या. नाहीतर पलीकडे मिठागरं आणि शिवडीची खाडी, तिथलं खारं पाणी आत शिरायला वेळ लागत नसे. आत्या लहान असताना एकदा बांध फुटला होता. माणसं वाचली, पण खालच्या आळीतली घरं चिखलाने भरली आणि आमचा गोठा गुरांसकट गेला. आत्याची आवडती कपिला गाय त्यातच गेली. पुढे आत्या लग्न होऊन गेली, फार लवकर विधवा होऊन परत आली, आणि आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिने बांध हातात घेतला. कोणी तिला तो दिला नाही आणि कोणी तिला अडवलंही नाही.

तिच्याबरोबर फेरीला जाणं हे माझं काम होतं आणि माझा आनंदही. बांधाच्या माथ्यावर दाट हरळी होती, पहाटेचं दंव पायाला लागायचं. एका हाताला तळं, त्यात पाणकोंबड्या, दुसऱ्या हाताला खाली वाडीतल्या नारळांचे शेंडे, इतके जवळ की हात लांबवून झावळी धरावी. माथ्यावर झाड म्हणून आत्या उगवू द्यायची नाही. मी एकदा तिथे चाफ्याची फांदी खोचली, तर तिने ती उपटून माझ्याच हातात दिली आणि म्हणाली, “मुळं मेली की त्यांच्या वाटेनं पाणी चालतं. चाफा अंगणात लाव, बांधाला गवत पुरे.” बांधाच्या पायथ्याशी पाझराचं पाणी झिरपून एका चरातून वाडीत जायचं. तिथे ती वाकून ओंजळ भरायची आणि उजेडात धरायची. मी विचारलं, पाणी झिरपतं तर भीती नाही वाटत? ती म्हणाली, “बांधानं घाम गाळावा बाय, माती गाळू नये.” पाणी नितळ आहे तोवर हसायचं, गढूळ झालं की धावायचं, एवढीच तिची सगळी विद्या. ती मला तेव्हा श्लोकासारखी पाठ झाली.

माझं लग्न लहानपणीच झालं होतं. सासर गिरगावातलं, कारकुनी पेशाचं, चाळीत दोन खोल्या. पण ‘यांची’ मॅट्रिक दोनदा हुकली आणि परीक्षा झाल्याखेरीज सून आणायची नाही असा सासूबाईंचा हट्ट. त्यामुळे बरोबरीच्या मुली सासरी नांदून पहिल्या बाळंतपणाला माहेरी येऊ लागल्या, तरी मी आपली बांधावर खेकड्यांची बिळं बुजवत होते. त्या वर्षी परीक्षा एकदाची सुटली. सासूसासऱ्यांचा निरोप आला की नारळी पौर्णिमेला दुपारी मुलाला घेऊन आम्ही तिघं येतो, मुलीला न्यायचं ठरवू. निरोप आल्यापासून आई कासावीस. सासूबाईंना मी लग्नात पाहिलं होतं ते भली मोठी नथ आणि त्यामागचा न हसणारा चेहरा, इतकंच आठवत होतं. तात्यांनी अंगणात घालायला रेतीची गाडी आणून टाकली आणि वाडीपुढे दगडांचा नवा गडगा रचला. व्याह्यांच्या डोळ्यांत भरावा असा तो झाला होता, तात्या येता जाता त्यावर हात फिरवत.

इकडे आत्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. त्या पावसाळ्यात मध्येच उघडीप पडली होती आणि खाचरं तडकू लागली होती. तेव्हा खालच्या आळीतल्या पांडूकाकाने सांडव्याच्या तोंडाला फळ्या लावल्या. सांडवा म्हणजे बांधाच्या एका टोकाची दगडी वाट, तळं भरलं की जादा पाणी तिथून निघून जायचं. ती वाट अडवली की पाणी हातभर वर चढतं, खाचरांना जास्त दिवस पुरतं. पांडूकाका वाईट माणूस नव्हता, खाचर वाळत असलेला माणूस होता. पण पुढे पाऊस परत आला तो कोसळतच राहिला, आणि फळ्या तशाच. आत्या त्याच्या दारात गेली तेव्हा मी बरोबर होते.

“पांडू, फळ्या काढ.”

“काढतो गो गोदे. पुनवेचा सन होऊ दे, मग काढतो.”

“पाण्याला सण कळत नाही.”

“तुझ्या वाडीला विहीर आहे. माझ्या खाचराला उद्या पानी कोन देनार?”

आत्या तशीच माघारी फिरली. कारण तोही खरंच बोलत होता.

पौर्णिमेच्या दिवशी मात्र आभाळ धुऊन टाकल्यासारखं स्वच्छ झालं. खालच्या आळीतले पुरुष जेवणं उरकून शिवडीच्या कोळीवाड्यात गेले. तिथून सोनेरी कागदाने मढवलेला नारळ मिरवत, ताशे आणि सनई लावून खाडीवर न्यायचा आणि समुद्राला वाहायचा, हा दरसालचा परिपाठ. आमच्या घरी नारळ खवण्याचा आवाज सकाळपासून चालला होता. चुलीवर नारळीभात, लवंग आणि वेलचीचा वास पार गोठ्यापर्यंत. मला अंजिरी लुगडं नेसवलं होतं, नाकात नथ, अंबाड्यावर केवडा, आणि सक्त ताकीद की आज बांधाकडे फिरकायचं नाही. मी खांबाला टेकून शोभेच्या बाहुलीसारखी बसले. पण आईला ऐनवेळी केळीची पानं कमी वाटली आणि केळी होत्या बांधाच्या पायथ्याशी. “पटकन जा, लुगडं सांभाळ,” असं म्हणून तिने मला विळा दिला.

कापलेली पानं गोळा करायला मी वाकले आणि चराकडे नजर गेली. नेहमी काचेसारखं असणारं पाणी तांबडं होतं. चराच्या काठाने मागे गेले तर बांधाच्या पायात एका जागी पाणी उकळल्यासारखं वर येत होतं आणि त्याच्याभोवती बारीक मातीचं कडं साठत होतं, मुंग्यांच्या वारुळासारखं. मी बोट लावलं. बोटाखालून माती सरकत होती. पानं तिथेच टाकली, लुगडं गुडघ्यापर्यंत उचललं आणि धावले ती थेट स्वयंपाकघरात.

“आत्या, पाणी तांबडं!”

आत्या विळीवरून उठली. हाताला खोबरं तसंच. “कुठे?”

“केळींच्या मागे. उकळतंय.”

“दामू!” तिने तात्यांना अशी हाक मारली की ते डोक्याला बांधत असलेलं पागोटं हातात धरूनच बाहेर आले. “शिवडीला धाव. सगळ्यांना घेऊन ये. म्हणावं, नारळ नंतर. पांडूला आधी आण, फळ्या त्यालाच निघतील.” तात्या नवा कोरा अंगरखा घालून चिखलातून धावत सुटले. आई म्हणाली, “अहो, पण व्याही...” आणि आत्या म्हणाली, “व्याही बसतील ओटीवर. पाणी बसणार नाही.”

मी खालच्या आळीत गेले आणि दारोदार ओरडले. पुरुष नव्हतेच. बायका आल्या, सणाच्या लुगड्यांत, डोक्यात फुलं, हातात पाट्या, टोपल्या, परातीसुद्धा. म्हाताऱ्यांना आणि लेकरांना वर टेकडीच्या सोंडेवर पाठवलं. एक जण ओल्या मातीचा गोळा घेऊन त्या उकळत्या तोंडात कोंबायला निघाली, तशी आत्या किंचाळली, “तोंड बंद करू नका! इथे बंद केलं की दुसरीकडून फोडून निघेल. पाणी येऊ द्या, माती अडवा. आधी रेती, मग खडी, मग वर दगड.” रेती कुठे? आमच्या अंगणात. व्याह्यांसाठी आणलेली. बायकांची रांग अंगणापासून बांधाच्या पायथ्यापर्यंत लागली आणि रेती हातोहात निघाली. रेतीच्या पहिल्या पाट्या पाण्याने उधळून लावल्या, पुढच्या थोड्या टिकल्या. मी सगळ्यात पुढे, त्या उकळीपाशी, मांडीपर्यंत चिखलात, आत्या म्हणेल तिथे ओतत होते. भीती वाटत होती का, असं नातवंडं विचारतात. वाटत होती. मान वर केली की बांध डोक्यावर उभा दिसायचा, आणि त्याच्यामागे काय आहे ते मला ठाऊक होतं. पण हात कामात होते आणि शेजारच्या बायका एकमेकींना चिडवत होत्या, त्यामुळे भीतीला बसायला जागा मिळेना.

नेमक्या त्याच वेळी आमच्या दारात भाड्याची व्हिक्टोरिया येऊन थांबली. घरात कोणी नाही, चुलीवर भात, अंगणातली रेती गायब. आरडाओरडा ऐकून मंडळी आवाजाच्या दिशेने चालत आली. मला हे पुढे कळलं. मला त्या क्षणी एवढंच दिसलं की केळींच्या पलीकडे जरीकाठी शालू, शाल आणि ती भली मोठी नथ उभी आहे. माझ्या हातातली पाटी थांबली. आत्याची त्यांच्याकडे पाठ होती. रांगेत कोणी तरी नुसतं उभं आहे एवढं तिला जाणवलं आणि ती मागे न बघताच ओरडली, “अगो बघतेस काय, पाटी घे की!”

 आई रांगेतच डोळे मिटून उभी राहिली. सासूबाईंनी एकदा बांधाकडे पाहिलं, एकदा उकळीकडे, एकदा माझ्याकडे. मग अंगावरची शाल काढली, सासऱ्यांच्या हातात दिली, म्हणाल्या, “धरा हे,” शालूचा पदर कमरेला खोचला आणि रांगेत शिरून माझ्या शेजारणीच्या हातातली पाटी घेतली. आणि पाटी पुढे देताना मला म्हणाल्या, “थांबलीस का? ओत!”

दगड हवे होते आणि दगड होते गडग्यात. तात्यांचा गडगा आम्ही उपसायला सुरुवात केली, पण तो लांब आणि दगड जड. तेव्हा आमचे सासरे, शाल नीट घडी करून खांद्यावर टाकून, शांतपणे म्हणाले, “गाडी आहे ना आपली.” व्हिक्टोरियावाला बोंबलायला लागला, “साहेब, गादी मखमलीची आहे!” सासरे म्हणाले, “मग गादी काढून झाडाखाली ठेव.” आणि ती डौलदार घोडागाडी दगड भरून वाडीच्या वाटेने खडखडत बांधापर्यंत आली, गेली, पुन्हा आली. तिसऱ्या खेपेपासून गाडीवाला स्वतः दगड उतरवू लागला आणि दगड कसे रचावेत यावर आत्याशी वाद घालू लागला.

‘हे’ तोवर फळ्या काढायला सांडव्याकडे गेले होते. आखडून बसलेल्या फळ्या एकट्याला हलेनात. इतक्यात शिवडीच्या वाटेने ताशे ऐकू आले. तात्यांनी निरोप दिला होता आणि मिरवणूक होती तशी वळून आली होती, पुढे पांडूकाका, मागे सोनेरी नारळ, त्यामागे वाजंत्री. घाईत वाजवणं थांबवायचं कोणाला सुचलंच नव्हतं. पांडूकाकाने बांधाकडे पाहिलं आणि सांडव्यात उडी घेतली. तो आणि ‘हे’ छातीभर पाण्यात, फळीला दोर बांधलेला, काठावर कोळीवाड्याचे गडी दोर ओढताहेत, आणि ताशेवाला प्रत्येक ओढीला ठोका देतोय. पहिली फळी निघाली तशी पाण्याने असा हंबरडा फोडला की टेकडीवरची लेकरं टाळ्या पिटू लागली. मग दुसरी, मग उरलेल्या. सांडवा धो धो वाहू लागला आणि त्याच्याबरोबर तळ्यातले मासे खाली उड्या घेऊ लागले, मळ्ये, मरळ, चांदीच्या पत्र्यासारखे चमकत. श्रावण पाळणाऱ्यांचाही तोल सुटला. ज्याच्या हातात जे होतं त्यात मासे धरले जाऊ लागले.

काम अजून संपलं नव्हतं. पाणी आत कुठून शिरतंय ते सापडायला हवं होतं. ‘हे’ चौपाटीवर पोहायला शिकलेले. कमरेला दोर बांधून ते तळ्याच्या बाजूच्या उतारावर पायाने चाचपत फिरले आणि एका जागी थबकले. “इथे पाय ओढतंय,” ते म्हणाले. दोर धरणाऱ्यांत मी होते, माझ्यापुढे सासूबाई. त्यांचा हात दोरावर आवळला ते मला दिसलं, पण त्या म्हणाल्या नाहीत की बाहेर ये. चिकणमाती आणि पेंढा गोणपाटात बांधून गोळे खाली दिले, ‘यांनी’ ते पायाने त्या भगदाडात दाबले, एकावर एक. पलीकडे आत्या उकळीपाशी वाकून बसली होती. ऊन कलायला लागलं तेव्हा तिने ओंजळ भरली, उजेडात धरली आणि बराच वेळ तशीच बसली. मग ओंजळीतलं पाणी तिने स्वतःच्या तोंडावर मारलं आणि हसायला लागली. आत्या हसली हे पाहून सगळी वाडी हसली. सनईवाल्याने सूर धरला, आणि चिखलाने माखलेल्या त्या बायका आहेत तशा फेर धरून नाचल्या. सोनेरी नारळ खाडीकडे गेला तो ओहोटीला, पण समुद्राने राग धरल्याचं ऐकलं नाही.

नारळीभात खाली लागला होता. तो आम्ही सगळ्यांनी बांधाखाली, त्या कापून टाकलेल्या केळीच्या पानांवर खाल्ला, आणि करपलेला भाग सासूबाईंनी मागून घेतला. आत्याला तोवर आपण कोणाला काय बोललो ते कळलं होतं. ती समोर जाऊन उभी राहिली. “विहीणबाई, मी ओळखलं नाही हो.”

“ओळखलं असतंत तर पाटी दिली नसतीत,” सासूबाई म्हणाल्या. “मग मी काय केलं असतं उभी राहून? बसा, भात वाढा.”

मला न्यायचं त्यांनी पुढे ढकललं. बांध पक्का झाल्याशिवाय सून नेली तर तिचं चित्त इथेच राहील, असं त्या म्हणाल्या. पाऊस सरल्यावर दुरुस्ती सुरू झाली. ते भगदाड म्हणजे खेकड्याचं जुनं बीळ निघालं, ते पार शेवटापर्यंत उकरून काढलं आणि चांगली माती वीतवीत थरांनी घालून, शिंपून, धुमसाने चोपली. पांडूकाकाने सांडव्यातल्या फळ्यांच्या खाचा स्वतःच्या हाताने फोडून टाकल्या, आणि आत्याने कबूल केलं की उघडीप पडली की मोरीचं पाणी आधी त्याच्या खाचरांना. दर रविवारी गिरगावातून ‘हे’ यायचे, सदरा काढून खांबाला अडकवायचे आणि माती चोपायचे. आमचं पहिलं बोलणं झालं तेही मातीवरून. ते म्हणाले, “हा थर कोरडा आहे का?” मी म्हटलं, “आहे. पाणी आणते.” बाकीच्या मुलींनी सासरी जाण्याआधी नवऱ्याचा आवाज ऐकलेला नसायचा, आणि आम्ही दोघं मातीत किती पाणी घालावं यावर भांडत होतो.

आता ते तळं नाही. बुजवून तिथे सरकारी वसाहत झाली. परवा नातवाबरोबर बसने तिकडून गेले, तर एका ठिकाणी रस्ता उगाचच थोडा उंच चढतो आणि उतरतो. नातू म्हणाला, रस्ता नीट केलेला नाही.  मला तेवढा चढ पुरला.

मी गिरगावात गेले त्या दिवशी चाळीतल्या बायका नवी सून पाहायला जमल्या. मी पाटावर, मान खाली. एकीने सासूबाईंना विचारलं, “पुरणपोळी येते का हो हिला?”

“नाही येत.”

“भरतकाम? गाणं?”

“छे.”

“मग येतं तरी काय?”

सासूबाईंनी शांतपणे नथ सारखी केली. “फुटणारं तळं अडवायला येतं,” त्या म्हणाल्या. “पुरणपोळी मी शिकवीन.”

नव्या सुनेने सासरी पहिल्या दिवशी हसू नये, निदान आवाज करून तरी हसू नये, असं आईने मला दहादा बजावून पाठवलं होतं. मी मोठ्याने हसले. आणि आतल्या खोलीच्या दारामागे आणखी कोणी तरी हसलं, ते मी ओळखलं.